गाडीचं वायरिंग आपलं आपण शिकायचं

(जामसर येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत झालेलं बोलणं. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत.)



मागच्या बैठकीत जुन्या जीपचा विषय निघाला आणि अर्ध्यावरच राहिला. इंजिन बरं आहे, पत्र्याचं काम वेल्डिंगवाला करून देईल, टायर घ्यावे लागतील, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग कोणीतरी म्हणालं, "पण वायरिंग सगळं उंदरांनी खाल्लंय," आणि सगळ्या गप्प झाल्या. कर्जाच्या हप्त्यावर बोलणं अडलं नव्हतं. अडलं ते त्या एका वाक्यावर. वायरिंग म्हटलं की आपल्याला वाटतं, हे काही आपलं काम नाही, ते जव्हारच्या बाजारातल्या माणसाचं. तो सांगेल तेवढे पैसे, तो म्हणेल त्या दिवशी.

मोगरा थांबत नाही. कळी पहाटे खुडली, गाडीचे दिवे लागेनात म्हणून उजाडेपर्यंत थांबलो, की कळी उमलते आणि भाव जातो. रात्री पाड्यावरून बाळंतीणबाईला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचं असलं आणि वळणावर हेडलाइट गेला, तर काय होतं ते इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून मला आज एवढंच सांगायचं आहे की जीप घ्यायची की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवा, पण वायरिंगला घाबरून नाही म्हणू नका. ते शिकता येतं, घरी बसून, पाटावर मांडून. मी तशीच शिकले, एका पावसाळ्यात, दिराच्या जुन्या डिझेल जीपवर.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण देते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला. त्या गावातल्या दत्तात्रय लोहार यांनी, नाव लोहार आणि कामही लोहारकाम, भंगारातलं सामान जोडून चारचाकी गाडी बनवली. साधारण साठ हजार रुपये खर्च आला. गाडी सुरू होते दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं, आणि त्याच दमात त्या माणसाच्या कल्पकतेचं कौतुक करून बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. बातमी बोलेरोची झाली. मला मात्र ती किक लक्षात राहिली. गाडीत सगळ्यात जास्त करंट खातो तो सेल्फ. किक असली की सेल्फ नको, त्याची अंगठ्याएवढी जाड केबल नको, मोठी बॅटरीही नको. म्हणजे वायरिंगमधला सगळ्यात जड भाग तिथल्या तिथे टळतो. शिकणाऱ्याने हेच करायचं असतं. जेवढं लागतं तेवढंच आधी करायचं.

असा नाद आपल्याकडे जुना आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी गाडी घडवली होती. तिचा कारखाना निघाला नाही, पण गाडी झाली. आणि बायकांचं म्हणाल तर जर्मनीत 1888 सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाची बाई दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली गाडी मॅनहाइमहून फॉर्झहाइमला घेऊन गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. जगातला मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास तो. वाटेत तेलाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीची वायर घासून उघडी पडली, तर पायमोज्याचा पट्टा काढून तिच्यावर गुंडाळला. म्हणजे गाडीच्या वायरिंगची पहिलीवहिली दुरुस्ती रस्त्यात बाईनेच केली म्हणायला हरकत नाही.

आता कामाचं बोलू.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी सोलरचा दिवा आहे. छपरावर पाटी, खाली बॅटरी, आत बल्ब. गाडीची बॅटरी तशीच, 12 व्होल्टची. घरातली लाइट 230 व्होल्टची, तिला हात लावला तर माणूस जातो. 12 व्होल्टला हात लावला तर झटका बसत नाही. म्हणून शिकायला गाडी घरापेक्षा बरी. पण झटका बसत नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे, त्याचं पुढे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो आणि मायनसमध्ये परत येतो. परत येण्याची वाट नसेल तर तो निघतच नाही. नळाचं पाणी सोडलं की सांडून जातं, त्याला परतायचं नसतं. इथे तसं नाही. ही एस.टी.सारखी गोष्ट आहे. सकाळी जामसरहून गेलेली गाडी फिरून परत आली तरच दुसऱ्या दिवशी सुटणार. म्हणून दिवा लागत नसेल तर दोन प्रश्न विचारायचे. जायची वाट चालू आहे का, आणि यायची वाट चालू आहे का? आपण सगळे पहिलाच प्रश्न विचारतो. दुसरा विसरतो.

यायची वाट विसरायचं कारणही आहे, ती दिसत नाही. घरात प्रत्येक बल्बला दोन वायरी जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच वायर जाते आणि परत येताना करंट गाडीच्या लोखंडातून येतो. बॅटरीच्या मायनसवरून एक जाड पट्टी किंवा केबल निघते, ती बॉडीला आणि इंजिनला बोल्टने कसलेली असते. तिला मेकॅनिक बॉडी अर्थ म्हणतात. सगळी गाडीच परतीची वायर. त्यामुळे वायर अर्धी वाचते, आणि त्यामुळेच आपल्या भागात निम्म्या भानगडी होतात. कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे जो पाऊस पडतो, त्यात लोखंड गंजल्याशिवाय राहत नाही. बोल्टच्या खाली गंज आला की परतीच्या वाटेत दगड पडला.

हे कसं दिसतं ते ओळखून ठेवा. हेडलाइट लागतो पण पिवळा, मंद. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही बारीक लुकलुकतो. ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटतो. करंटला आपली परतीची वाट सापडत नाही, म्हणून तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. अशा वेळी शंभरातल्या बहुतेक वेळा दिवा, स्विच, बॅटरी सगळं चांगलं असतं. बोल्ट सोडवायचा, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं, घट्ट कसायचं, वरून थोडं ग्रीस लावायचं. झालं. दिराच्या जीपला एका गॅरेजवाल्याने सगळं वायरिंग बदलायला सांगितलं होतं. रोग होता एका बोल्टात. अर्थ नीट नसला की बाकी सगळं निरर्थक, असं मी हसत हसत म्हणते, पण खरं आहे ते.

बोल्टच खराब आहे हे न उघडता कसं कळेल? त्यासाठी मल्टिमीटर. काही शे रुपयांत मिळतो. गटाने एक घ्यावा. त्याची डायल डीसी व्होल्टच्या 20 वर ठेवायची. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. गाडी बराच वेळ उभी असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास आकडा येतो. इंजिन चालू केल्यावर तो 14 च्या आसपास जायला हवा. गेला नाही तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही, हे आकडा बघूनच कळतं, कोणाला विचारायला नको. आता बोल्ट तपासायचा असेल तर हेडलाइट चालू ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं दिव्याच्या अर्थच्या वायरीवर लावा. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. एक-दीड व्होल्ट दाखवत असेल तर तेवढा करंटाचा जोर परतीच्या वाटेतच खर्च होतो आहे. आपल्या बचतीच्या वहीत जमा आणि शिल्लक जुळत नसली की आपण पान मागे मागे चाळत जातो ना, कुठे गळलं ते बघायला, तसंच हे. ज्या ताई गटाचं दप्तर लिहितात त्यांना हे काम लवकर जमेल असं माझं मत आहे. दोन्हीकडे एकच सवय लागते, अंदाज करायचा नाही, आकडा बघायचा.

हिशेबाचं निघालंच आहे तर एक छोटा भागाकार. बल्बवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर मिळतात, म्हणजे किती करंट जाणार ते. हेडलाइटचा साधा हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा असतो. 60 भागिले 12, पाच अँपियर. दोन बल्ब, दहा अँपियर. मागचा लाल दिवा 5 वॅटचा, त्याला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. ब्रेकचा 21 वॅटचा, त्याला पावणेदोन. आता कळलं ना एक वायर जाड आणि एक बारीक का असते? लाल दिव्याला अर्धा-पाऊण चौरस मिलिमीटरची वायर पुरते, दोन्ही हेडलाइटला मिळून अडीचची घालावी. बारीक वायरीतून जास्त करंट नेला की ती तापते, वरचं प्लास्टिक वितळतं, आणि गाडी पेटते.

ते होऊ नये म्हणून फ्यूज. फ्यूज दिवा वाचवायला असतो असं पुष्कळांना वाटतं. तो वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या जवळ बसवायचा, दिव्याजवळ नाही. वायर मध्ये कुठे घासून बॉडीला टेकली, म्हणजे शॉर्ट झाली, तर फ्यूज आधी वितळायला हवा. फ्यूज प्रत्यक्ष लागणाऱ्या करंटापेक्षा थोडा मोठा आणि वायर सोसते त्यापेक्षा लहान. दहा अँपियरच्या हेडलाइटला पंधराचा. हल्लीच्या पातीच्या फ्यूजांना रंग ठरलेले आहेत. 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. अक्षर पुसलं गेलं तरी रंग सांगतो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच आकड्याचा लावायचा. पुन्हा उडाला तर गाडी काहीतरी सांगते आहे, कुठे शॉर्ट आहे ते शोधायचं. आपल्याकडे ड्रायव्हर लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी ठोकतात. गाडी चालते खरी. पण ते कुत्र्याने भुंकू नये म्हणून त्याचं तोंड बांधण्यासारखं आहे, चोर येतोच.

आणि आता तो धोका. ताईंनो, बॅटरीजवळ जाताना हातातल्या धातूच्या बांगड्या, कडं, अंगठी काढून ठेवायची. मंगळसूत्र, गळ्यातल्या साखळ्या काढायच्या किंवा ब्लाउजच्या आत खोचून वर पदर घट्ट बांधायचा. 12 व्होल्टने झटका बसत नाही, पण बॅटरीत करंट शेकड्याने असतो. बांगडीचं एक टोक प्लसला आणि दुसरं बॉडीला लागलं, की क्षणात ती लाल होते, हातात असतानाच. पुरुष मेकॅनिकांना हे कोणी सांगत नाही कारण त्यांच्या हातात बांगड्या नसतात, आणि म्हणून ते आपल्यालाही सांगत नाहीत. दुसरं, बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी लावायचा. कारण सोपं आहे. मायनस जोडलेला असताना प्लसचा नट पान्याने सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर पानाच वायर होतो. आधी मायनस काढला असेल तर पाना टेकला तरी परतीची वाट नाही, काही होत नाही. बघा, पुन्हा तेच, परतीची वाट. तिसरं, बॅटरी भरताना तिच्यातून गॅस निघतो, तो पेटतो. जवळ बिडी नको, चूल नको. आतलं पाणी तेजाब आहे, अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर धूत धूत दवाखाना गाठायचा.

रिलेबद्दल थोडक्यात. स्टिअरिंगजवळचा स्विच नाजूक असतो, हेडलाइटचा सगळा करंट त्याच्यातून नेला तर तो जळतो. रिले म्हणजे एक छोटी काळी डबी. स्विचमधून थोडासा करंट डबीतल्या गुंडाळीला जातो, ती आतला मोठा खटका ओढते, आणि बॅटरीतून दिव्याकडे जाड वायरीने मोठा करंट जातो. अध्यक्षा-सचिवांच्या दोन सह्या चेकवर होतात आणि बँकेतून रक्कम निघते. रक्कम काही सह्यांमधून जात नाही. डबीच्या खाली आकडे लिहिलेले असतात. 30 वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, 87 वरून दिव्याकडे, 85 आणि 86 गुंडाळीचे, त्यातला एक स्विचला आणि एक अर्थला. हे चार आकडे बहुतेक रिलेवर तेच असतात. जुन्या जीपांचे हेडलाइट मंद असतात ते बरेचदा रिले नसल्यामुळे. रिले घातला की तोच बल्ब पांढरा लख्ख पेटतो.

शिकायचं कसं, तर गाडीवर नाही. एक प्लायची फळी घ्यायची, हात-दीड हात लांब. बॅटरी शेजारी जमिनीवर. पहिल्या दिवशी फक्त बल्ब लावायचा, दोन वायरींनी. पेटला की मधे फ्यूज घालायचा. मग स्विच. मग एक वायर काढून टाकून तिच्या जागी लोखंडी पट्टी जोडायची, म्हणजे बॉडी अर्थ डोळ्यांना दिसतो. मग रिले. मग हेडलाइटचा अप्पर-डिप्पर, त्यात एकाच बल्बला तीन पाय असतात. मग इंडिकेटर आणि त्याचा फ्लॅशर. इंडिकेटर भराभर टिकटिकायला लागला तर एक बल्ब गेलेला असतो, हे फळीवर बल्ब काढून मुद्दाम करून बघायचं. मुद्दाम बिघडवून बघणं हा शिकण्याचा सगळ्यात चांगला भाग आहे, माझ्या मते तरी. एकीने गुपचूप एक वायर सैल करायची, दुसरीने मीटर घेऊन शोधायची. आमच्या घरी पोरं हा खेळ पत्त्यांसारखा खेळतात. दहा-बारा संध्याकाळी असं केलं की गाडीत नवीन काही उरत नाही. हीच फळी, फक्त लांब पसरलेली.

मग नकाशा. वायरिंगचा नकाशा बघून भल्याभल्यांना घाम फुटतो, पण तुम्हाला फुटायचं कारण नाही. आपल्याकडे लग्नाचा चौक सवासिणी लिहितात. त्यात कुठलं चिन्ह कशाचं, हे कोणी बाजूला लिहून ठेवत नाही, बघणाऱ्या बाईला कळतं. वायरिंगच्या नकाशातही बल्ब म्हणजे गोलात फुली, अर्थ म्हणजे खाली लहान होत जाणाऱ्या तीन रेघा. वीस-पंचवीस चिन्हं. आधी जुन्या गाडीचा नकाशा आपणच काढायचा. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग उपटून फेकू नका. प्रत्येक कप्लरचा मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक टोकाला कापडाची चिठ्ठी बांधा, "डावा हेडलाइट", "हॉर्न", "डिझेल काटा". मग संपूर्ण जुडगा बाहेर काढून अंगणात जमिनीवर गाडीच्या आकाराने पसरा. लांबी तिथेच मोजता येते. नवीन वायरी त्याच्याच शेजारी ठेवून कापा. रंग आपण ठरवायचे आणि वहीत लिहायचे, फक्त काळी वायर अर्थसाठीच, दुसऱ्या कशालाही नाही.

वायरीला वायर पिळून चिकटपट्टी मारायची नाही. घरातल्या तात्पुरत्या कामाला ते चालतं. गाडी आपल्या रस्त्यांवर दिवसभर हादरते, पीळ सुटतो. टोकाला थिंबल दाबून बसवायचं, त्यावर स्लीव्ह चढवायची. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाला रबरी वायसर हवाच, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. वीत-दीड वीत अंतरावर क्लिप. आणि गाडी पेंढ्याच्या शेजारी उभी करायची नाही, उंदीर तिथूनच येतात.

ही जुनी डिझेल जीप शिकायला चांगली, याला कारण आहे. तिला पेट्रोल गाडीसारखी ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झाली की इंजिन विजेशिवायही चालतं. त्यामुळे वायरिंग म्हणजे सेल्फ, चार्जिंग, दिवे, हॉर्न, वायपर आणि दोन-तीन काटे, एवढंच. नव्या गाड्यांना हात लावू नका. त्यांच्यात कॉम्प्युटर असतो. पिवळ्या रंगाचे कप्लर एअरबॅगचे असतात, ते छेडले तर एअरबॅग तोंडावर फुटू शकते. आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीत नारिंगी केबल दिसली की लांब व्हायचं. तिच्यात शेकडो व्होल्ट असतात, तिथे आपलं हे शिकलेलं काही कामाचं नाही.

"आम्हाला लिहिता-वाचता येत नाही," असं मागे कोणी म्हणालं, त्यांच्यासाठी सांगते. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गाव आहे. तिथे 1972 साली बंकर रॉय यांनी सुरू केलेली संस्था आहे, बेअरफूट कॉलेज. तिथे खेड्यातल्या बायका, पुष्कळ जणी आज्या झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतून येऊन सहा महिन्यांत सोलरची सर्किटं जोडायला शिकून गेल्या. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. रंगांवरून आणि खुणांवरून शिकल्या. आपल्याला तर एकमेकींची भाषा येते.

एक राहिलं, कागद. देवराष्ट्रेच्या गाडीचं जे झालं ते विसरू नका, घरी बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला नियमात बसत नाही. आपण गाडी बनवत नाही, नोंदणी असलेली जुनी गाडी उभी करतो आहोत, तरी तिच्या रचनेत मनाने फेरफार करायचा नाही. मोटार वाहन कायद्यात 52 वं कलम त्याचंच आहे. डोळे दिपवणारे जादा दिवे लावायचे नाहीत. माल वाहायचा तर तशी नोंद आणि परवाना लागतो. पासिंगला हेडलाइट, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं चालू दाखवावं लागतं, म्हणजे आपलं वायरिंग बरोबर झालं की नाही ते तिथे कळेलच. इसार देण्याआधी मालकाकडून गाडीचं आरसी बुक बघायला मागा. इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर बुकाशी जुळतो का, ते दोघींनी जाऊन बघा. जुळला नाही तर विषय तिथेच बंद.

जुळला, तर पुढच्या बैठकीला मी फळी, जुनी बॅटरी आणि मीटर घेऊन येते. प्रत्येक गटातून दोघी या, एक दप्तर लिहिणारी आणि एक अजिबात न लिहिणारी. येताना घरातला टाकून दिलेला गाडीचा किंवा मोटरसायकलचा बल्ब असेल तर आणा, गेलेला असला तरी चालेल, गेलेला कसा ओळखायचा ते त्याच्यावरच दाखवीन. पोरांच्या तुटक्या खेळण्यातल्या वायरीही चालतील. आणि बांगड्या घरी काढून ठेवून या.